पहिला गेमिंग पीसी: यादी प्रोसेसरपासून नको, स्क्रीनपासून सुरू कर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: अकोल्यात राहतेस, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, घरून ९० हजार मंजूर झालेत आणि मॉनिटरही त्यातच बसवायचाय. मैत्रिणींसोबत रोजचं व्हॅलोरंट, आणि अधूनमधून सायबरपंक २०७७ सारखा मोठा गेम. ओळखीतल्या एका असेंबलरने "आय७, ३२ जीबी रॅम, ८ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५०० वॅट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट" अशी यादी दिली आहे (एसएमपीएस म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, आरजीबी म्हणजे रंगीत दिवे) आणि ती बजेटपेक्षा बरीच स्वस्तात बसतेय. मामेभाऊ डीडीआर४ (म्हणजे आधीच्या पिढीच्या) रॅमची ८-८ जीबीची जोडी फुकट देतोय. आणि बाबा विचारतायत की लाइट बिल किती वाढेल. मी नाशिकला असेंब्लीचं काम करतो. वयाने लहान आहेस म्हणून एकेरीत लिहितो.

आधी त्या यादीबद्दल. त्यात सगळे आकडे आहेत, फक्त कामाचे नाहीत. आय७ म्हणजे कुठल्या पिढीचा? बाजारात अशा स्वस्त "आय७ गेमिंग पीसी"मध्ये बहुतेक वेळा आय७-३७७० निघतो, २०१२ सालचा. चार कोर, आठ थ्रेड. आजचा साधा आय३-१२१००एफ त्याला सहज मागे टाकतो. वर विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या बोर्डावरच्या सुरक्षेच्या सोयी लागतात. म्हणजे ज्या गेमसाठी पीसी घेतेयस, त्याच्याच दारात अडशील.

"८ जीबी ग्राफिक्स कार्ड"ही तसंच. आठ जीबी आरटीएक्स ५०६० मध्येही असतात आणि २०१७ च्या आरएक्स ५८० मध्येही. दुसऱ्यात रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या मोजण्याचं, हार्डवेअरच नाही, त्यामुळे 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' किंवा 'डूम: द डार्क एजेस' सारखे गेम त्यावर अधिकृतपणे चालतच नाहीत. एएमडीने त्या पिढीचे ड्रायव्हरही मुख्य यादीतून बाजूला काढलेत. त्यातही चीनमधून आलेली "५८० २०४८एसपी" कार्डं फिरतात, ती खरं तर ५७० च्या ताकदीची. त्या असेंबलरला फक्त पूर्ण मॉडेल नंबर माग: प्रोसेसरचा, कार्डाचा, मदरबोर्डाचा, एसएमपीएसचा. तो लिहून द्यायला टाळाटाळ करत असेल तर विषय संपला.

आता आपली यादी. सुरुवात स्क्रीनपासून कर, कारण कार्डाला किती काम करायचंय ते स्क्रीन ठरवते. १०८० पी म्हणजे सुमारे २० लाख पिक्सेल, १४४० पी म्हणजे जवळपास ३७ लाख. तुझ्या बजेटला आणि व्हॅलोरंटला २४ इंची, १०८० पी, आयपीएस पॅनेलचा, १४४ हर्ट्‌झ (म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) किंवा त्याहून वरचा मॉनिटर योग्य. १८० हर्ट्‌झचे आता फारसे महाग राहिलेले नाहीत, मिळाला तर घे. २७ इंचाच्या मोहात पडून १०८० पीच घेऊ नकोस, अक्षरं फाटल्यासारखी दिसतात आणि तुला त्यावर कोडही लिहायचाय.

स्क्रीन ठरली की कार्ड. भाव आठवड्याला हलतात म्हणून मी रुपयांऐवजी वाटा सांगतो: गेमिंगच्या मशीनमध्ये एकूण बजेटचा ४० टक्क्यांच्या आसपासचा भाग कार्डावर गेला तर हिशेब बरोबर आहे असं समज. प्रोसेसर कार्डापेक्षा महाग असेल तर यादी कुणीतरी उलटी धरली आहे.

तुझ्यासमोर खरे पर्याय दोन. एनव्हिडियाची आरटीएक्स ५०६०, ८ जीबी. आणि एएमडीची आरएक्स ९०६० एक्सटी, जी ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत येते. व्हॅलोरंटला यातलं कुठलंही कार्ड जास्तच आहे. प्रश्न मोठ्या गेमचा आहे. नव्या गेममध्ये १०८० पीलाही टेक्श्चर (पृष्ठभागांवरची चित्रं) सगळ्यात वर ठेवले की कार्डाची ८ जीबी मेमरी भरते. आणि भरली की सेकंदाला सरासरी किती चित्रं दिसतात तो आकडा चांगला दिसतो पण मधेच झटके बसतात, भिंतींवरचे टेक्श्चर उशिरा उमटतात. हे आकड्यांच्या तक्त्यात पटकन दिसत नाही, खेळताना दिसतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: १६ जीबीची ९०६० एक्सटी. बोर्डावर हात आखडता घे, कॅबिनेट साधं घे, पण इथे ८ जीबीवर उतरू नकोस.

एनव्हिडियाच्या बाजूने एकच दमदार मुद्दा आहे आणि तो तुला लागू पडू शकतो: कुडा, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर गणिताची कामं चालवायची एनव्हिडियाची स्वतःची प्रणाली. कॉलेजमध्ये मशीन लर्निंगचं काम आलं तर बहुतेक सगळं शिकवणं कुडा गृहीत धरून चालतं, आणि ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्येही एनव्हिडिया पुढे आहे. पण पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या कामाला गुगल कोलॅब, म्हणजे ब्राउझरमधून वापरायचं गुगलचं मशीन, पुरतं. त्यासाठी आत्ता ८ जीबीचं कार्ड घेण्यात अर्थ नाही, कारण मॉडेल चालवायलाही मेमरीच आधी कमी पडते. जीटीए ६ चं नावही घेतलंयस. तो अजून फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी जाहीर झालाय, त्याच्या नावाने आज एक रुपयाही जास्त घालू नकोस.

आता प्रोसेसर आणि बोर्ड, आणि इथे तुझ्या मामेभावाची रॅम सगळं गणित बदलते. एरवी मी डोळे मिटून एएमडीचा एएम५ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) सांगितला असता: रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड, डीडीआर५ ची ६००० स्पीडची जोडी. नवा सॉकेट, पुढच्या काही वर्षांत नुसता प्रोसेसर बदलून मशीन वर नेता येते. पण एएम५ ला फक्त डीडीआर५ चालते, आणि २०२५ च्या शेवटाला एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यापासून रॅमचे भाव असे चढलेत की पूर्वी दुर्लक्ष करण्याजोगा असलेला हा खर्च आता यादीतला मोठा आकडा झालाय. फुकटची १६ जीबी सोडून तेवढे पैसे नव्या रॅमवर घालायचे आणि कार्ड ८ जीबीचं घ्यायचं, हे मला पटत नाही.

म्हणून तुझ्यासाठी इंटेलचा एलजीए १७०० सॉकेट. त्यावर डीडीआर४ चे आणि डीडीआर५ चे वेगवेगळे बोर्ड मिळतात. नावात "डी४" किंवा "डीडीआर४" लिहिलेला बी६६० किंवा बी७६० बोर्ड घे, चार रॅम स्लॉटचा. दोन्ही रॅमची खाच वेगळ्या जागी असते, चुकीचा बोर्ड आला तर रॅम बसणारच नाही. प्रोसेसर आय५-१२४००. सहा कोर, बारा थ्रेड, आणि ९०६० एक्सटीला १०८० पीवर बऱ्यापैकी पोसतो.

नीट वाच, मी १२४०० म्हणतोय, १२४००एफ नाही. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नसलेला; तो थोडा स्वस्त पडतो आणि सगळे तोच सुचवतात, कारण कार्ड असताना प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सची गरज काय? गरज दोनदा लागते. पहिल्यांदा मशीन जोडताना, कारण कार्ड न लावताही स्क्रीनवर काहीतरी दिसतं आणि गडबड कुठे आहे ते कळतं. दुसऱ्यांदा कार्ड बिघडून वॉरंटीत गेल्यावर. ते परत यायला दोन-तीन आठवडे सहज लागतात, आणि तेवढ्यात तुझी सबमिशन असणारच. एफ असेल तर मशीन तोवर नुसतं ठोकळ्यासारखं पडून राहतं. गेमर मुलांना हा मुद्दा पटत नाही, विद्यार्थ्यांना पटतो.

याच बोर्डावर पुढे १३ व्या-१४ व्या पिढीचा आय५ बसेल. त्या पिढ्यांच्या वरच्या चिपना, मुख्यतः आय७-आय९ ना, व्होल्टेजमुळे अस्थिर होण्याचा त्रास झाला होता आणि इंटेलने २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड, म्हणजे बायोस अपडेटमधून येणारी दुरुस्ती, काढला. १२ व्या पिढीला ती भानगड नाही, पण पुढे कधी सेकंडहँड आय७ घ्यायला निघालीस तर हे लक्षात असू दे.

कुणी तुला एएमडीचा जुना एएम४ सुचवेल. वाईट नाही. फक्त रायझन ५ ५६०० आणि ५५०० किंवा ५६००जी यात नावापुरताच फरक आहे असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. नंतरच्या दोन्हींत एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) निम्मा, म्हणजे ३२ ऐवजी १६ एमबी, आणि कार्ड ज्या वाटेने जोडलं जातं ती पीसीआय-ई ४.० नाही, ३.० आहे. गेममध्ये दोन्ही गोष्टी जाणवतात.

मामेभावाची रॅम घेण्याआधी तीन गोष्टी बघ: ती डेस्कटॉपची लांब पट्टी आहे ना (लॅपटॉपची अर्ध्या लांबीची असते), दोन्हींच्या स्टिकरवर एकच पार्ट नंबर आहे ना, आणि स्पीड २६६६ आहे की ३२००. जोडल्यावर एक रात्र मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालू ठेव. एकही एरर आली तर ती जोडी परत कर. खराब रॅम उघड बंद पडत नाही. ती गेम मधेच बंद पाडते, फाइल खराब करते, आणि माणूस महिनाभर विंडोजला शिव्या देत बसतो.

आता ज्या भागावर सगळे पैसे वाचवतात, तो एसएमपीएस. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या किंवा हजाराच्या आत मिळणाऱ्या "५०० वॅट"च्या डब्यावरचं स्टिकर एकदा वाच. त्यावर एक छोटा तक्ता असतो. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघ. प्रोसेसर आणि कार्ड दोघेही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. तिथे १८ अँपिअर लिहिलं असेल तर १८ गुणिले १२ म्हणजे २१६ वॅट. बाहेर ५००, आत २१६. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवलेले असतात, ज्यांचा आजच्या मशीनला फारसा उपयोग नाही. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर हाच आकडा ४५ अँपिअरच्या आसपास असतो, म्हणजे ५४० वॅट.

तुझ्या मशीनचा हिशेब असा: कार्ड १६० वॅट, प्रोसेसर जास्तीत जास्त ११७, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून ५० धर. सव्वातीनशे. नामांकित कंपनीचा ५५० वॅट, ८० प्लस ब्राँझ, पाच वर्षांच्या वॉरंटीचा घे. ८० प्लसचा शिक्का फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, आतले सुटे भाग किती टिकतील ते नाही. त्यामुळे वॉरंटीची वर्षं हा मला जास्त प्रामाणिक आकडा वाटतो. कंपनी पाच वर्षं जबाबदारी घेत असेल तर तिने आत काहीतरी बरं घातलेलं असतं. आणि मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या होणारा एसएमपीएस घेतलास तर त्याच्या केबल त्याच्याच. दुसऱ्या एसएमपीएसची केबल बसते, पण पिनांची रचना वेगळी असू शकते, आणि चालू करताक्षणी एसएसडी किंवा बोर्ड जातो.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच देतो. मोठा गेम चालू असताना मॉनिटर धरून भिंतीतून साधारण सव्वातीनशे वॅट. रोज तीन तास खेळलीस तर दिवसाला एक युनिट, महिन्याला तीस. व्हॅलोरंटला याहून कमी, नुसत्या अभ्यासाला तर ८०-१०० वॅटच्या आसपास. तुमचं बिल सध्या कुठल्या स्लॅबमध्ये आहे त्यावर रुपये ठरतील.

त्यांनी बिलापेक्षा अर्थिंग तपासावं. जुन्या घरात तीन पिनांचं सॉकेट असतं पण अर्थिंगच्या वायरला पुढे काही जोडलेलंच नसतं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर तेच. इलेक्ट्रिशियनला बोलावून फेज आणि अर्थ यांतलं व्होल्टेज मोजून घ्या, नवा पार्ट त्यानंतर जोडा. घरात इन्व्हर्टर असेल तर तो स्क्वेअर वेव्ह आहे की शुद्ध साइन वेव्ह ते बघ. स्क्वेअर वेव्हवर आजकालचे एसएमपीएस कुरकुर करतात. शुद्ध साइन वेव्ह असेल तर मागे बहुधा यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू कर म्हणजे लाइट जाताना मशीन बंद पडणार नाही. वेगळा यूपीएस घ्यायचा तर ६०० व्हीएचा नको. तो जेमतेम ३६० वॅट देतो आणि तू अगदी काठावर आहेस. १००० ते ११०० व्हीएचा घे. तो गेम संपवायला नाही, सेव्ह करून बंद करायला असतो.

अकोल्याचं म्हणून एक वेगळं. मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, खोलीत ३८ असतात, आणि मशीनमधल्या प्रत्येक चिपचं तापमान खोलीच्या वरच मोजायचं असतं. पुण्यात ७० वर राहणारं कार्ड तुझ्याकडे ८० पार जाईल. म्हणून पुढून काच असलेलं कॅबिनेट नको, कितीही छान दिसू दे. पुढे जाळी, दोन पंखे आत हवा ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा. १२४०० सोबत कूलर येतो, पण तुमच्या उन्हाळ्यात तो ओरडत राहील. दीड-दोन हजारांचा टॉवर कूलर लाव, पाण्याचा अजिबात लागत नाही. आणि खोलीतल्या दुसऱ्या कूलरपासून, म्हणजे खिडकीतल्या वाळ्याच्या कूलरपासून, कॅबिनेट लांब ठेव. पोरं गार हवा मिळावी म्हणून बरोबर त्याच्या झोतात पीसी ठेवतात. त्या झोतात बारीक तुषार असतात, पाणी बोअरचं असेल तर क्षारही. विदर्भ-खानदेशातून येणाऱ्या बोर्डांवर पांढरट थर आणि पिनांवर हिरवट गंज असतो, तो याच झोताचा. झोत खोलीत फिरू दे, मशीनवर नको.

एसएसडीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. १ टीबी, एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी, जलद), नावाजलेल्या कंपनीची. जनरेशन ३ असली तरी गेमिंगमध्ये फरक कळत नाही. ५१२ घेऊ नकोस, सायबरपंक एकटा ७० जीबी मागतो. हार्ड डिस्क आत्ता नकोच.

खरेदी कुठून? लॅमिंग्टन रोडला एखाद्या पार्टवर थोडं वाचेल, पण मुंबईला जाण्यायेण्यात आणि उद्या काही बिघडलं तर पुन्हा जाण्यात तो फायदा संपतो. बोर्ड आणि प्रोसेसर जवळच्या दुकानातून, बाकी ऑनलाइन, हे मला बरं वाटतं. बोर्ड दुकानातच उघडून बघायचा असतो म्हणून. एलजीए १७०० मध्ये पिना सॉकेटमध्ये असतात, केसाएवढ्या, एकूण १७००. प्लॅस्टिकचं झाकण उचलून मोबाइलच्या टॉर्चखाली तिरप्या नजरेने बघ. सगळ्या रांगा एकसारख्या चमकल्या पाहिजेत. एखादी जागा वेगळी चमकली तर पिन वाकलेली आहे, तिथल्या तिथे परत दे. घरी आल्यावर ती वाकलेली निघाली तर "तुम्हीच वाकवली" हे उत्तर ठरलेलं. ते झाकण जपून ठेव, वॉरंटीला देताना लागतं. प्रोसेसर सीलबंद बॉक्समधलाच घे; ट्रेमधला सुटा स्वस्त मिळतो पण त्याला कंपनीची ग्राहक वॉरंटी नसते. बिल पक्कं, जीएसटीचं, सिरियल नंबर लिहिलेलं. ऑनलाइन मागवलेलं खोकं उघडताना न थांबवता व्हिडिओ काढ.

जोडायला दुकानदाराला सांगू नकोस, स्वतः जोड. बोर्ड आधी त्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर आणि एकच रॅम लाव, एसएमपीएस जोड, मॉनिटर बोर्डाला लाव आणि बायोस, म्हणजे बोर्डाची सेटिंगची स्क्रीन, दिसतोय का बघ. दिसला की मगच कॅबिनेटमध्ये. कूलरच्या तळावरचं पारदर्शक प्लॅस्टिक काढायला विसरू नकोस. रॅमची जोडी प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. प्रोसेसरची ८ पिनची केबल ४+४ अशी फुटते, कार्डाची ६+२ अशी. दोन्ही एकमेकींसारख्या दिसतात, जोर लावावा लागत असेल तर चुकीची आहे.

चालू झाल्यावर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या लिहिलेल्या स्पीडवर चालवणारी सेटिंग) चालू कर, नाहीतर ३२०० ची रॅम बऱ्याचदा २६६६ किंवा त्याहून कमीवर धावत राहते. रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू आहे ना ते बघ. मॉनिटरची केबल आता कार्डाला: मागच्या बाजूला खाली आडव्या रांगेत असलेले पोर्ट कार्डाचे, वरचे बोर्डाचे. नवा पीसी घेतला आणि गेम रखडतोय अशी तक्रार घेऊन आलेल्यांत केबल बोर्डाला लावलेले बरेच निघतात. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ किंवा १८० हर्ट्‌झ निवड, ते आपोआप होत नाही. तिथे मुकाट ६० बसलेलं असतं.

सगळी खोकी, विशेषतः कार्डाचं आणि बोर्डाचं, वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर राहू दे. दिवाळीच्या साफसफाईत आईने ती रद्दीत काढण्याआधी तिला एकदा सांगून ठेव.